खटखट हवीय, पण छोटी

नवीन कीबोर्ड घ्यायचाय असं घरात म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "का, आहे तो मोडला का?" मोडला नाहीये हो, तोच तर प्रॉब्लेम आहे. हे रबरावर चालणारे कीबोर्ड मोडतच नाहीत, नुसते वर्षानुवर्षं लिबलिबीत होत जातात आणि मग अक्षर उमटलं की नाही हे बोटाला कळतच नाही, प्रत्येक वेळी मान वर करून स्क्रीनलाच विचारावं लागतं.

मला काय हवंय हे मात्र मला पक्कं माहीत होतं. रेल्वेच्या रिझर्व्हेशन खिडकीवर उभे राहिला असाल तर तुम्हीही ऐकलंय. काचेपलीकडून खाड खाड खाड खाड, मग एंटरचं एक दणदणीत खाडकन्, आणि मग शांतपणे "वेटिंग आहे, चालेल?" बँकेत तोच आवाज, मेडिकलवाल्याकडेही तोच. टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड. तो मेकॅनिकल, म्हणजे रबराऐवजी प्रत्येक बटणाखाली वेगळा खटका, ज्याला स्विच म्हणतात. त्यात चेरी कंपनीचे निळे स्विच असायचे हे मला फार उशिरा कळलं, म्हणजे बाहेरच्या देशातले शौकीन लोक ज्या स्विचवर तासन्तास चर्चा करत होते तेच स्विच आपल्याकडे खिडकीवरचे काका एका हातात चहा धरून एका बोटाने बडवत होते.

मग तोच घे ना, असं तुम्ही म्हणाल. बायकोही म्हणाली. पण तो पूर्ण लांबीचा, उजवीकडे आकड्यांचं अख्खं शेत. असा कीबोर्ड साधारण ४४ सेंटीमीटर भरतो आणि आमच्या वन बीएचकेतलं टेबल हे माझ्या एकट्याचं नाही, त्यावर मुलीचं वह्यांचं ढिगारं आहे, इस्त्रीला जायचे कपडे आहेत, आणि हे सगळं बाजूला सारून कीबोर्ड ठेवला की माउस टेबलाच्या कडेपलीकडे जातो, तिथे तो हवेत हलवावा लागेल. म्हणजे हवा तो आवाज, पण आटोपशीर अंगाचा. मागणी काय फार नव्हती.

तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने मी बोलायच्या आत खोका काढला.

"मेकॅनिकल ना? हा घ्या, सात कलर लाइट."

खोक्यावर ठळक अक्षरात 'मेकॅनिकल', आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या टायपात 'फील'.

"फील म्हणजे?"

"म्हणजे दाबल्यावर तसं वाटतं."

मी हळूच एक बटण नखाने उचकटलं. खाली रबर. त्यात कसली तरी प्लास्टिकची पट्टी घालून खोटा टकटकाट बसवलेला. मी रबराकडे बघतोय हे बघून तो म्हणाला, "साहेब, आवाज येतोय ना? मग आत काय का असेना." बिनलाइटचा आहे का म्हणून विचारलं तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी बिनचाकाची सायकल मागितली. "बिनलाइटचा कोण घेतो?"

रविवारी जुन्या बाजारात. तिथे खरंच ढीग होता, चहाच्या रंगाला आलेले, कुणाचं स्पेसबार गायब, कुणाची वायर कापलेली, आणि सगळे झाडून लांबलचक. "चालू आहे का?" विचारल्यावर विक्रेत्याने अख्खा तळवा कीबोर्डवर आपटला, सगळी बटणं एकदम खडखडली. "वाजतोय की!" मुद्दा बरोबर होता, माझा निकषही तोच होता, तरी घेतला नाही.

मग ऑनलाइन, आणि तिथे वेगळंच गणित. कीबोर्डचे टक्के असतात. आकड्यांचं शेत काढलं की ८७ बटणांचा उरतो, अजून आवळला की ७५ टक्के, मग ६५, मग ६०, ज्यात बाणच नाहीत, आणि शेवटी ४० टक्के, ज्यात वरची आकड्यांची ओळसुद्धा नाही. लोक हे आनंदाने वापरतात म्हणे. वापरत असतील, त्यांना मराठी लिहायचं नसतं. मी टाइप करतो त्या इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत ड कुठे आहे? चौकटी कंसाच्या बटणावर. ॉ कुठे? उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर. आणि ४० टक्केवाल्यांनी नेमकी हीच बटणं उडवलीत, म्हणजे 'डॉक्टर' लिहायचं तर पहिल्या दोन टप्प्यांना दोनदा फंक्शन की दाबून धरायची. पेशंट तेवढा वेळ थांबेल का? शिफ्ट-पाचवरचा ज्ञ आणि शिफ्ट-सातवरचा क्ष पण गेला, आता ज्ञ पाहिजे तर ज, हलन्त आणि ञ असा लांबचा रस्ता, आणि तो ञ पण परत कंसाच्याच बटणावर. मी ७५ टक्क्यांच्या खाली उतरायचं नाही असं ठरवलं. शाळेत असं कधी ठरवलं नव्हतं.

आकार ठरला तर आवाज मिळेना. सध्या फॅशन बदललीय. छोट्या कीबोर्डात आता सगळे गुळगुळीत, सरळ खाली जाणारे स्विच घालतात, वर आत फोम भरतात, की आवाज दबका आणि जाडसर यावा, ज्याला ते लोक 'थॉक' म्हणतात आणि डोळे मिटून ऐकतात. ऐका बापडे. पण मला खिडकीवरचं खाडकन् पाहिजे होतं आणि हे मला दिवाणखान्यातलं थॉक विकत होते.

खरा आवाज कुठला हे शोधत शोधत मग आयबीएमच्या जुन्या कीबोर्डपर्यंत पोचलो, सगळे तिथेच पोचतात. १९८१ च्या पहिल्या पीसीबरोबर आलेला मॉडेल एफ, आणि १९८५ चा मॉडेल एम, जवळपास दोन किलोचा. त्यात प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग उभी असते, ती दाबत गेलं की एका क्षणी एकदम कंबरेत वाकते, खालचा छोटा हातोडा खाडकन् आपटतो आणि त्याच क्षणी अक्षर उमटतं. आवाज म्हणजेच अक्षर, दोन्हीचं कारण एकच. निळ्या चेरीत तसं नाहीये, तिथे आवाज करणारी सरकती टोपी वेगळी आणि अक्षर जोडणारा पत्रा वेगळा, दोघं शेजारी शेजारी काम करतात इतकंच. आणि आयबीएमचा हा आवाजाचा नाद त्याहून जुना, त्यांच्या आधीच्या काही टर्मिनलच्या कीबोर्डात तर टाइपरायटरची सवय असलेल्यांना चुकल्यासारखं वाटू नये म्हणून निव्वळ आवाजासाठी वेगळा सोलेनॉइड बसवलेला असायचा. म्हणजे त्या लिखाणाला आवाज नाही म्हणून विजेवर चालणारा ठोकळा. ही माणसं माझी.

त्या मॉडेल एमची आखूड आवृत्ती १९८७ ला निघाली होती, नाव स्पेस सेव्हिंग, आणि आज तिची किंमत बघून माझी स्पेस नाही, सेव्हिंगच गेलं असतं. तीच जुनी स्प्रिंग घालून अमेरिकेतल्या केंटकीत युनिकॉम्प कंपनी अजून कीबोर्ड बनवते, २०२१ मध्ये त्यांनी छोटा मिनी एम पण काढला, मी कार्टमध्ये टाकला, मग शिपिंग आणि ड्यूटी धरून आलेला आकडा बायकोने माझ्या खांद्यावरून वाचला. मी कार्टमधून काढला.

शेवटी तोडगा असा काढला की स्विच बदलता येतात असा ७५ टक्क्यांचा बोर्ड घ्यायचा आणि त्यातले मुके स्विच उपटून केल (Kailh) कंपनीचे बॉक्स जेड नावाचे वाजणारे स्विच घालायचे. त्यात एक जाडसर वाकडी तार असते, ती जातानाही वाजते आणि येतानाही. एका दाबात दोन आवाज, पैसे वसूल. चिमट्याने एकेक स्विच उपटायचा, दोन पायांचा नवा सरळ धरून दाबायचा, आणि पाय आत न जाता खाली दुमडला तरी वरून सगळं व्यवस्थित दिसतं. माझ्या एन की खाली नेमका तसा दुमडला होता. इनस्क्रिप्टमध्ये एन म्हणजे ल आणि ळ. पहिलाच मेल गेला, "कुकर्णी सर, फाई पाठवी आहे." सरांचं उत्तर आलं, "मिळाी."

पाय सरळ केला आणि मग लागला हो आवाज. काय सांगू. ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मी बोलत नसलो तरी माझ्याच नावाभोवती हिरवी चौकट. मॅनेजर म्हणाल्या, "कुणाकडे काही काम चाललंय का?" मी म्हटलं हो, माझंच. मुलगी तिच्या खोलीत, म्हणजे बाल्कनीत, गेली. बायकोने एक शब्द काढला नाही, फक्त कानात कापूस घालताना मला दिसेल अशी उभी राहिली.

आई मात्र किचनमधून हात पुसत आली. आई जिल्हा परिषदेत टायपिस्ट होती, गोदरेजच्या मशीनवर मराठी चाळीसची परीक्षा पास झालेली. तिने मला उठवलं, पदर खोचला, बटणांकडे न बघता टाइप करायला लागली, आणि सगळं अगम्यच उमटायला लागलं कारण तिची बोटं रेमिंग्टनची, म्हणजे टाइपरायटरवरच्या जुन्या मांडणीची. "क कुठे नेऊन ठेवलाय मेल्यांनी?" मग तिच्यासाठी रेमिंग्टन लेआउट टाकला आणि काय स्पीड! ओळ संपली की डावा हात आपोआप उठून कॅरेजचा दांडा ढकलायला जायचा आणि टेबललॅम्पवर आपटायचा. पानभर झाल्यावर म्हणाली, "आवाज बरा आहे. घंटी नाही पण."

परवा वरच्या मजल्यावर दुपारभर ड्रिलिंग चाललं होतं, त्याविरुद्ध सोसायटीच्या सेक्रेटरींना रीतसर अर्ज करायचा असं आईने ठरवलं. विषय, संदर्भ, महोदय, सगळं नीट, दोन पानी, जोर लावून. दुसऱ्या पानावर असताना बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू. "वहिनी, ते ड्रिलिंग तुमच्याकडेच चालू आहे होय?"

आईने त्यांना आत बोलावलं, बसवलं, आणि अर्जावर त्यांचीही सही घेतली.