‘मूल त्रास देत नाही, म्हणजे ते सुखात आहे’ हे खरं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे फोस्टर केअरमधल्या, म्हणजे आईबापापासून दूर, दुसऱ्या कुटुंबाने तात्पुरत्या सांभाळलेल्या मुलांबद्दल एक संदेश फिरतोय: मूल त्रास देत नाही, वजन वाढलंय, रोज शाळेत जातंय, मग तपासायला सारखं घरी कशाला यायचं?

आधी ‘त्रास देत नाही’ हे घ्या. आईबापापासून तुटलेलं मूल नव्या घरात कित्येकदा फार जपून वागतं. हट्ट नाही, रडणं नाही, विचारल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नाही. इथूनही हलवतील, ही भीती त्यामागे असू शकते. भाकरी लपवून ठेवणं, अंथरूण ओलं होणं, अनोळखी माणसालाही चटकन बिलगणं, हे मुद्दाम विचारावं लागतं. आणि दुखलं-खुपलं की ते कुणाकडे धावतं, हा प्रश्न कधीच सोडू नये.

वजन वाढलं, चांगलंच झालं. त्यातून पोटाला मिळतंय एवढंच कळतं.

हजेरीचंही तसंच. मराठी शाळेतलं मूल कन्नड माध्यमात गेलं आणि वर्गात गप्प बसलं, तर त्याला ‘ढ’ ठरवू नका.

‘विचारलं, तर मजेत आहे म्हणालं.’ कुणासमोर विचारलं? कोणत्या भाषेत? मुलाला वेगळं बसवून त्याच्या घरच्या बोलीत बोला. सांभाळणाऱ्या कुटुंबातल्या कुणाला दुभाषी करू नका.

‘स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज’ (मुलाच्या जमेच्या बाजू आणि अडचणी) ही 25 विधानांची प्रश्नावली इथे उपयोगी पडते. भावना, वर्तन, चंचलता, सवंगडी, दुसऱ्याला मदत करणं, असे तिचे 5 गट. पहिल्या चारांची बेरीज 0 ते 40. आकडा जितका मोठा तितक्या अडचणी जास्त. पाचव्या गटात जास्त गुण चांगले, म्हणून तो बेरजेत धरला की हिशेब चुकतो. सांभाळणारे पालक आणि शिक्षक ती वेगवेगळी भरतात, 11 वर्षांपासून मूल स्वतःही. घरचा आकडा कमी नि शाळेचा जास्त आला तर सरासरी काढू नका. तो फरक का पडला ते शोधा. विधानांचं जागच्या जागी तोंडी भाषांतर केलं की अर्थ सरकतो, गुणही बिघडतात.

राहिलं ‘सारखं कशाला?’ बालन्याय कायदा 2015 च्या कलम 44 नुसार बालकल्याण समितीने दरमहा तपासणी करायचीच आहे. ती अविश्वास म्हणून घेऊ नये, कारण मूल महिन्यागणिक बदलतं. सख्ख्या आईवडिलांच्या भेटीनंतर ते चिडचिडं झालं की भेटी बंद करा म्हणतात. ही घाई मुलाच्याच मुळावर येते. आधी भेटीची तारीख, त्यानंतरची झोप, जेवण, शाळेतलं वागणं लिहून ठेवा आणि ती वही समितीसमोर ठेवा.