पाच सुवर्णपदकं आणि दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वाद सारखे डोकं वर काढतात. 'दिव्यांग' म्हणायचं की 'अपंग', आणि पॅरालिम्पिकमधल्या पदकाला ऑलिम्पिकइतकंच बक्षीस द्यायचं का. २०२४ला पॅरिसमध्ये भारताने २९ पदकं मिळवली, त्यात सांगलीच्या सचिन खिलारीचं गोळाफेकीतलं रौप्य होतं, तेव्हापासून तर जास्तच. बक्षीस समान हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जर्मनीतही हा भेद होता. २०१४च्या, रशियातल्या सोचीच्या हिवाळी स्पर्धांपासून तो मिटला, दोन्हीकडच्या सुवर्णाला २० हजार युरो मिळू लागले. पण इतकी वर्षं म्युनिकमध्ये राहून हे वाद वाचताना मला एक गोष्ट खटकते. आपण सगळं बोलतो ते पदक गळ्यात पडल्यानंतरचं.

त्याच सोचीच्या पॅरालिम्पिकमध्ये जर्मनीच्या आना शाफेलहूबरने अल्पाइन स्कीइंगच्या, म्हणजे बर्फाच्या उतारावरून वेगात घसरत यायच्या शर्यतींच्या, पाचही प्रकारांत सुवर्ण जिंकलं. त्यातल्या स्लॅलम या प्रकारात आधी तिला बाद ठरवलं होतं, अपिलानंतर पदक परत मिळालं. १९९३ साली रेगन्सबुर्गला जन्मलेली ही मुलगी जन्मापासून व्हीलचेअरवर. २०१०मध्ये व्हँकुव्हरला, सतराव्या वर्षी कांस्य. २०१८मध्ये प्योंगचांगला आणखी दोन सुवर्णं. २०१९ला, जेमतेम सव्विसाव्या वर्षी, तिने स्पर्धा सोडल्या आणि शिक्षकी पेशाकडे वळली. मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती एक साधी नोंद: पाच वर्षांची असताना ती पहिल्यांदा मोनोस्कीवर, म्हणजे बसून चालवायच्या स्कीवर, बसली. म्हणजे पाच वर्षांच्या मुलीला बसवायला कुणीतरी होतं, तिच्या मापाचं साधन होतं, आणि डोंगरावर जायची सोय होती.

मोनोस्की मी जवळून पाहिली आहे. अंगाला घट्ट बसणारी, खोलगट खुर्ची, तिच्याखाली मोटारसायकलला असतो तसा शॉक ॲब्सॉर्बर, आणि त्याखाली एकच स्की. दोन्ही हातांत आखूड कुबड्या, त्यांच्या टोकाला छोट्या स्की. वळण घ्यायचं ते खांद्याने आणि कमरेत जेवढी ताकद असेल तेवढीने. 'यांची स्पर्धा खरी कशी मानायची?' असं ग्रुपवर एका काकांनी विचारलं होतं. बसून स्की करणाऱ्यांतही कुणाच्या पोटाच्या स्नायूंत जोर असतो, कुणाच्या नसतो, म्हणून प्रत्येकाच्या घड्याळातल्या वेळेला त्याच्या गटाच्या ठरलेल्या टक्केवारीने गुणतात आणि मग निकाल लावतात. उतार सगळ्यांना तोच.

मुरलीकांत पेटकरांनी भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण इथेच जर्मनीत, हायडेलबर्गच्या तलावात १९७२ साली जिंकलं. ६५च्या युद्धात गोळ्या लागलेला आपला सांगलीकडचा जवान! पद्मश्री त्यांना २०१८ला मिळाली. त्या शेहेचाळीस वर्षांची हळहळ आपण करतो, करायलाच हवी. पण ते पोहायला लागले ते जखमी झाल्यावर, उपचारांचा भाग म्हणून. सैन्यात नसलेल्या, खेड्यातल्या पोलिओ झालेल्या पोराला तेव्हा कुणी तलावात उतरवलं असतं?

माझा आतेभाऊ असाच. दोन्ही पायांना कॅलिपर. आमच्या शाळेत दहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता आणि वर्ग खाली आणावा असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. दोन मित्र त्याला पाठीवर घेऊन चढायचे. स्नेहसंमेलनात त्या दोघांचा सत्कार झाला, आम्ही टाळ्या वाजवल्या. दादा सकाळपासून पाणी प्यायचा नाही, कारण मुतारी खाली होती. हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो चाळिशीचा झाला होता.

जर्मनीत सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने पाच टक्के जागा गंभीर अपंगत्व असलेल्यांना द्याव्यात असा कायदा आहे, आणि कितीतरी कंपन्या त्याऐवजी ठरलेली रक्कम भरून मोकळ्या होतात. आपल्याकडे २०१६चा कायदाही चांगला आहे. सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण, सार्वजनिक इमारतींत अडथळे नकोत, सगळं त्यात लिहिलेलं आहे. तालुक्याच्या कचेरीची पायरी मात्र तशीच राहते, आणि ग्रुपवर आम्ही शब्दावरून भांडतो.

गेल्या हिवाळ्यात एका डोंगरावर दहा-अकरा वर्षांची मुलगी मोनोस्कीवरून चेअरलिफ्टच्या, म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांच्या, रांगेत उभी होती. लिफ्टवाल्याने वेग कमी केला, तिने खटका दाबून आपली खुर्ची उंच केली, मागून पाळणा आला, लिफ्टवाल्याने तिला वर सरकवलं आणि ती गेली. मागच्या रांगेत कुणी वळूनही पाहिलं नाही. मी ते दादाला फोनवर सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि वर पोचल्यावर उतरते कशी गं?"

वर छोटा उतार असतो, मी म्हटलं. पाळणा तिथे आला की पुढे झुकायचं, हाताने पाळण्याला रेटा द्यायचा आणि घसरत बाहेर पडायचं. त्याने मला ते दोनदा सांगायला लावलं.