नेहमीचा पासवर्ड

सातारच्या आमच्या आत्याला एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारणे म्हणजे पहिल्यांदा तिने सांगितली तेव्हा आपले लक्ष नव्हते, अशी लेखी कबुली देण्यासारखे आहे. त्यामुळे २०२५च्या फेब्रुवारीत आमच्या कन्येने जर्मनीतून फोन करून आत्याआजीच्या गोड्या मसाल्याचे प्रमाण मागितले, तेव्हा साताऱ्याला फोन लावण्याची जबाबदारी सौभाग्यवतींनी मोठ्या उदारपणे माझ्याकडे सोपवली. आत्याने माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, "अरे, तू ती काळी पाटी घेऊन माझ्यासमोर बसला होतास, ते काय मग? सगळा मसाला तुझ्यापुढ्यात करून दाखवलाय मी. त्यात बघ."

काळी पाटी म्हणजे २०१४ साली मी हौसेने घेतलेला सात इंची टॅब. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी साताऱ्याला जाऊन आत्याच्या मसाल्याचे सबंध चित्रण केले होते, आणि एवढा मोठा ठेवा सुरक्षित केल्याच्या समाधानात गेली अकरा वर्षे तो एकदाही उघडून पाहिला नव्हता. टॅब कपाटात सापडला. त्याचा चार्जर मात्र वायरींच्या त्या डब्यात होता, ज्यातली एकही वायर कशाची आहे हे घरात कोणालाही सांगता येत नाही आणि म्हणूनच एकही टाकून देता येत नाही. आठ वायरी लावून पाहिल्यावर नववी बसली. रात्रभर चार्जिंगला लावलेला टॅब सकाळी एकदाचा डोळे उघडून माझ्याकडे पाहू लागला, आणि त्याने तारीख दाखवली १ जानेवारी १९७०, वेळ पहाटे साडेपाच.

हा चमत्कार नव्हे. अशी यंत्रे १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून गेलेले सेकंद मोजून आपला काळ ठरवतात. ती मध्यरात्र ग्रीनिचची असल्यामुळे आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, आणि बॅटरी ठार झाली की घड्याळ पुन्हा त्याच शून्यावर येऊन बसते. माझा जन्म त्यानंतरचा आहे. जो माणूस अजून जन्मालाच आलेला नाही त्याला या टॅबने ओळख दाखवावी, अशी अपेक्षा करणे मुळातच चुकीचे होते, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

तारखेखाली नऊ ठिपके होते. रांगोळीच्या भाषेत सांगायचे तर तीन ठिपके, तीन ओळी. त्यांतले किमान चार ठिपके बोट न उचलता ठरावीक क्रमाने जोडले की कुलूप उघडते, एवढे मला आठवत होते. क्रम तेवढा आठवत नव्हता. कुलपाचे कारण मात्र लख्ख आठवत होते. तेव्हा कन्या दहावीत होती आणि त्या टॅबवर फळे कापण्याचा एक खेळ तिच्या भूमितीच्या आड येत होता. मी कुलूप घातले की ती दोन दिवसांत उघडत असे. ती टॅब उजेडात तिरका धरून काचेवरच्या बोटाच्या तेलकट रेघा वाचते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. ही तिची एकटीची अक्कल नव्हती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली नेमके हेच प्रयोग करून दाखवले होते, फक्त त्यांच्या शोधनिबंधाला शाबासकी मिळाली आणि आमच्या कन्येला धपाटा. त्यानंतर मी दर आठवड्याला नक्षी बदलू लागलो आणि प्रत्येक वेळी काच स्वच्छ पुसून ठेवू लागलो. आज त्या रेघांचा उपयोग झाला असता. पण तो २०१४ सालचा दक्ष पिता शेवटचा हात फिरवताना काच इतकी लख्ख करून गेला होता, की तीत मला स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काहीही दिसेना.

कन्येलाच विचारले. ती म्हणाली, "बाबा, तेव्हा मला कळू नये म्हणून तुम्ही केवढी धडपड केलीत, आणि आता मलाच विचारता?" तिच्या आवाजातला विजय जर्मनीहून पुण्यापर्यंत यत्किंचितही क्षीण झाला नव्हता.

मग मी गणिताचा आधार घेतला. नऊ ठिपक्यांच्या या कुलपाच्या नियमांत बसणाऱ्या एकूण नक्ष्या ३,८९,११२ होतात. पाच वेळा चुकले की टॅब तीस सेकंद रुसतो. तेव्हा जेवण, झोप, आंघोळ आणि नक्षी काढायला लागणारा वेळ वगळून नुसते रुसवे मोजले, तरी सगळ्या नक्ष्या संपवायला सत्तावीस दिवस लागतात. सत्तावीस हा आकडा पाहून मला बरे वाटले. चंद्राला सत्तावीस नक्षत्रे फिरून यायला साधारण तेवढेच दिवस लागतात आणि तो बिचारा हे काम कुरकुर न करता दरमहा करतो. मी वहीत तक्ते आखले, गुरुपुष्यामृत आहे का तेही पाहिले आणि एका सकाळी पहिली नक्षी काढली.

सौभाग्यवतींचा गणितापेक्षा कागदावर अधिक विश्वास आहे. "अहो, तुम्ही सगळं कालनिर्णयवर लिहून ठेवता. तिथं बघा की," त्या म्हणाल्या. हे खरे आहे. दूध कधी आले नाही, गॅस कधी लावला, कोणाला किती उसने दिले, ही आमच्या घराची बखर कालनिर्णयच्या चौकटींत लिहिली जाते. अडचण एवढीच, की वर्ष संपले की ती पाने फडताळात डब्यांखाली अंथरली जातात. त्यामुळे पुढचे दोन दिवस मी एकेक डबा उतरवून त्याखालचा इतिहास वाचत होतो. तुरीच्या डाळीखाली २०१९ निघाले, पोह्यांखाली २०१६, आणि तेलाच्या बुधल्याखाली, अर्धपारदर्शक झालेल्या अवस्थेत, सप्टेंबर २०१४. आठ तारखेच्या चौकटीत, अनंत चतुर्दशीच्या खाली, माझ्याच अक्षरात स्पष्ट लिहिले होते: "टॅब – नेहमीचा."

नेहमीचा! मी त्या चौकटीकडे बराच वेळ पाहत उभा राहिलो. लिहिणाऱ्या माणसाला किती खात्री होती, की वाचणारा आपल्याच ओळखीतला असेल! त्याच्या दृष्टीने हा पुरेसा खुलासा होता. किंबहुना 'टॅब' हा शब्दसुद्धा त्याने केवळ सौजन्य म्हणून लिहिला असावा. मला 'नेहमीचा' म्हणून जे जे आठवले ते सगळे काढून पाहिले. इंग्रजी झेड, इंग्रजी एल, स्वस्तिकाचा अर्धा भाग, चुलतभावाच्या घराचा जिना. विसाव्या चुकीनंतर टॅबने ठिपकेच काढून घेतले आणि सांगितले, की आता गूगलच्या खात्याचे नाव व पासवर्ड दिल्याशिवाय बोलणार नाही. अँड्रॉइडच्या जुन्या किटकॅट आवृत्तीची ही रीत होती. माझी सत्तावीस नक्षत्रे अश्विनीही पुरी न होता आटोपली.

खात्यासाठी लागणारे वायफाय लगेच जोडले गेले, कारण आमच्या वायफायचा पासवर्ड अकरा वर्षांत बदललेला नाही. तो शेजाऱ्यांना पाठ आहे. खातेही जिवंत होते, याचे श्रेय मात्र माझे नाही. दोन वर्षे न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३पासून पुसून टाकू लागले आहे. आमचे वाचले, कारण टीव्ही घेतल्या दिवशी तेच खाते टीव्हीत घातले गेले आणि सौभाग्यवती रोज दुपारी त्यावर यूट्यूबवरच्या पाककृती पाहतात. ज्या खात्यात आत्याचा मसाला अडकला होता, ते परक्यांच्या मसाल्यांवर तग धरून होते.

राहिला त्याचा पासवर्ड. तो आईच्या नावावरून ठेवला होता, हे नक्की. आईचे नाव लक्ष्मी. पण देवनागरीत निःसंदिग्ध असणारे हे नाव रोमन लिपीत गेले की त्याची इतकी रूपे होतात, की साक्षात विष्णूलाही ओळख पटू नये. 'क्ष'साठी एक्स लिहिला होता की के-एस-एच? शेवटी एक आय की दोन ई? त्यापुढे आईचे जन्मवर्ष की माझे? आपली भाषा एका लिपीत आणि आपली कुलुपे दुसऱ्या लिपीत, या दुहेरी संसाराची किंमत मी त्या संध्याकाळी चुकती केली. अखेर गूगलने सुचवले, की खात्याला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवू का? मी आनंदाने होकार दिला, आणि बटण दाबल्यावर मला आठवले, की तो क्रमांक मी २०१८ सालीच बंद केला आहे.

आपल्याकडे बंद केलेला क्रमांक किमान ९० दिवस पडून असतो. त्यानंतर तो दुसऱ्या घरी नांदायला जाऊ शकतो. माझा गेला होता. मी स्वतःच्याच जुन्या क्रमांकावर फोन लावला. त्या दिवसांत कुठलाही फोन लावला की घंटी वाजण्याआधी सायबर चोरांपासून सावध करणारी आणि ओटीपी कोणाला सांगू नका असे बजावणारी सूचना ऐकावी लागे. ओटीपी मागण्यासाठी निघालेल्या मी ती सूचना उभ्याने, मान खाली घालून ऐकली. मग परभणीच्या एका गृहस्थांनी फोन उचलला. हा क्रमांक एकेकाळी माझा होता इथपासून आत्याच्या मसाल्यापर्यंतची हकीकत मी शक्य तितक्या प्रांजळपणे सांगितली. माझ्या लक्षात आले, की प्रांजळपणाने ती अधिकच संशयास्पद होत चालली आहे. लबाड माणसाने यापेक्षा बरी गोष्ट रचली असती.

"म्हंजे तुम्ही ओटीपी मागायलाव," ते शांतपणे म्हणाले.

"मागतोय, पण तो माझाच आहे."

"आत्याच्या मसाल्यासाठी?"

"हो."

"काका, एकोणीसशे तीसला फोन लावू का?" एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. १९३० हा सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचा क्रमांक आहे. त्या गृहस्थांबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. माझा क्रमांक अतिशय जबाबदार माणसाच्या हाती पडला आहे.

शेवटी मी टॅब पिशवीत घालून बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. तिथल्या एका टेबलामागे, डोळ्याला भिंग आणि हातात चिमटा अशा थाटात, कन्येहूनही लहान दिसणारा एक मुलगा बसला होता. त्याने टॅब उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "काका, टॅब पाहिजे की डेटा पाहिजे?"

इतका तात्त्विक प्रश्न मला बऱ्याच वर्षांत कोणी विचारला नव्हता. टॅब पाहिजे असेल तर आवाजाचे आणि चालू करण्याचे बटण एकत्र दाबून तो दोन मिनिटांत 'फॉरमॅट मारणार' होता. मग कुलूपही जाणार आणि कुलपाआडचे सगळेही जाणार. डेटा पाहिजे असेल, तर संगणकाला जोडून तो काढता यावा अशी परवानगी आधीच, म्हणजे कुलूप उघडे असताना, देऊन ठेवायला हवी होती. मी ती दिली नव्हती. माझ्या मते कुलूप लावणाऱ्या माणसाने खिडकीतून आत यायची व्यवस्था आधीच करून ठेवायची नसते, असे मी त्याला सांगितले. त्याने ते ऐकले नाही, कारण तो टॅबच्या कडेला असलेले एक रबरी झाकण नखाने उचकटत होता. ते झाकण मी अकरा वर्षे शोभेचे समजत होतो. आत बोटाच्या नखाएवढे मेमरी कार्ड होते.

"व्हिडिओ यावर आहेत का बघू," असे म्हणून त्याने ते कार्ड आपल्या संगणकाला जोडले. आत्या पडद्यावर आली. तिला कसलाही पासवर्ड नव्हता. ३,८९,११२ नक्ष्यांचा भक्कम दरवाजा मी पुढे लावून ठेवला होता आणि माल मागच्या पडवीत उघड्यावर होता. व्हिडिओ कार्डावर साठवण्याची व्यवस्था अर्थातच त्या २०१४ सालच्या इसमानेच केली असणार. कालनिर्णयवर मात्र त्याने याचा उल्लेख करायचे टाळले होते. मुलाने पन्नास रुपये घेतले आणि टॅबचे काय करू, असे विचारले. मी तो परत घेतला.

घरी आल्यावर आम्ही दोघे वही आणि पेन घेऊन बसलो, जर्मनीलाही व्हिडिओ कॉलवर घेतले. चित्रण एकोणीस मिनिटांचे होते, त्यांतली पाच मिनिटे मिक्सरचा आवाज होता आणि दोन मिनिटे माझ्या अंगठ्याचे दृश्य होते. पण आत्या सुरेख दिसत होती. खोबरे कसे भाजायचे, तीळ तडतडू लागले की कढई कधी उतरवायची, दगडफूल शेवटी का घालायचे, नागकेशर जपून का घालायचे, सगळे तिने मन लावून सांगितले होते. आणि प्रमाणाची वेळ आल्यावर कॅमेऱ्याकडे बघत ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "धणे घ्यायचे नेहमीच्या वाटीनं चार वाट्या."

सौभाग्यवतींनी पेन खाली ठेवले. मी साताऱ्याला फोन लावला, सायबर चोरांची सूचना पुन्हा एकदा पूर्ण ऐकली आणि धीर करून विचारले, "आत्या, नेहमीची वाटी म्हणजे कोणती गं?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

"कोणती म्हणजे काय?" आत्या म्हणाली. "नेहमीची!"