ग्रिड बसल्याचा मेसेज मीच टाकलेला, तो चुकीचा आहे

परवा मी ग्रुपवर टाकलं होतं की ५ एप्रिल २०२० ला सगळ्यांनी ९ मिनिटं लाईट घालवले तेव्हा देशाची ग्रिड (वीज पोचवणारं जाळं) बसली, म्हणजे ठप्प झाली. तसं काही झालं नव्हतं. नंतर सरकारी आकडे नीट बघितले, मागणी २० मिनिटांत १,१७,३०० वरून ८५,३०० मेगावॅटवर आली, अंदाज फक्त १२-१४ हजारांच्या घसरणीचा होता, तरी फ्रिक्वेन्सी (मागणी-पुरवठ्याचा तोल दाखवणारा आकडा, तो ५० च्या आसपास लागतो) ४९.७ ते ५०.२६ हर्ट्झमध्येच राहिली, कारण जलविद्युत आधीच चढवून ठेवलेली आणि मागणी पडेल तशी भराभर उतरवली (कोळशाच्या संचांना हे इतक्या झटपट जमत नाही). फ्रीज-पंखे चालू ठेवा असंही तेव्हा सांगितलेलं. माझी चूक, घाईत फॉरवर्ड केलं. तो मेसेज पुढे पाठवू नका प्लीज, पाठवला असेल तर तिथे हा पण टाका.