चार पानं

ज्ञानेश्वरीच्या एका जुन्या हस्तलिखिताची डिजिटल आवृत्ती करायला शिकायचं म्हणून मी महिनाभराचा ऑनलाइन वर्ग लावला. वाट्याला पोथीची शेवटची चार पानं आली. चार पानं म्हणजे एक रविवार, असा माझा हिशेब. त्या रविवारी दीड ओळ उतरली.

पोथीत शब्द सुटे नसतातच. अक्षरं सकाळच्या लोकलसारखी खेटून उभी. कोण कुठे उतरणार ते आपण ओळखायचं. त्यात 'ख'च्या जागी 'ष'. 'मुष' दिसल्यावर या ओवीत उंदीर कुठून शिरला, ते मी तासभर शोधत होतो. ते 'मुख' होतं. कसर मात्र खरंच शिरली होती. एकच भोक चारही पानांतून आरपार. चार पानं, आठ बाजू, म्हणून आठ वेळा 'गॅप' अशी खूण करायची आणि अंदाजे किती अक्षरं गेली तेही लिहायचं.

हे सगळं टीईआय नावाच्या, ग्रंथ संगणकावर खुणांसकट उतरवायच्या पद्धतीने, कोनी कंसांत. खोडलेलं 'डेल', वर घुसवलेलं 'ॲड', चुकलेलं 'सिक' आणि त्याला जोडून दुरुस्ती 'कॉर'. पोथी हाताने लिहून काढणाऱ्या लहियाचं बरं होतं. चुकलं की पिवळा हरताळ फासायचा, वाळला की त्यावर लिहायचं. मी एक तिरकी रेघ विसरलो तर संगणकाने ६३ चुका दाखवल्या. खरी चूक होती ती ओळ त्यात नव्हती.

"अहो, सरळ नीट करून टाईप करा ना. कोणाला कळतंय?" बायको म्हणाली.

मोह झाला. भोकात गेलेला एक शब्द मी अंदाजाने भरलाही. ओवीत छान बसत होता. पुढे शेवटच्या पानावर एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रत शुद्ध केल्याची नोंद आली. आणि लगेच ताकीद: यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली. मी गुपचूप माझी नरोटी उचलली.

त्याखाली लहियाचा नेहमीचा श्लोक. पाठ, कंबर, मान मोडली, नजर ताठली, कष्टाने लिहिलंय, जपा. मी मानेला बाम चोळत तोही उतरवला. मग शेवटची ओळ: तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला वाचव आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस, असं पुस्तक म्हणतं.

ती ओळ मी जशीच्या तशी टाईप केली. संगणकाने महिन्यात पहिल्यांदाच एकही चूक दाखवली नाही.