घमेलंभर डांबर

डिसेंबर लागला की आमच्या नागपुरात दोन गोष्टी उतरतात, थंडी आणि सरकार. थंडीसाठी कपाटातून स्वेटर निघतं, सरकारसाठी रस्त्यातून स्पीडब्रेकर निघतात. वर्षातून एक अधिवेशन नागपुरात व्हायलाच हवं, असं १९५३ च्या नागपूर करारात आपल्या मंडळींनी लिहून घेतलं. त्या दिवसांत नागपूरकरांनी कुठे राहायला जावं, हे कलम तेवढं राहून गेलं.

आमची गल्ली रवी भवनापासून हाकेच्या अंतरावर. तिथे मंत्री उतरतात, म्हणून तिथवर डांबर पडतं. आमच्याकडे येतो तो त्याचा वास. गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा आहे. पाहुण्यांना घराची खूण म्हणून आम्ही तोच सांगतो. २०२० आणि २०२१ ला करोनामुळे अधिवेशन मुंबईतच झालं, तेव्हा मंत्र्यांचा रस्ता आणि आमचा खड्डा पहिल्यांदाच एका घरचे वाटले होते.

यंदा रोलर कोपऱ्यावर थांबलेला दिसला, तसा मी चहाची किटली घेऊन पळालो.

“भाऊ, एक घमेलं इकडे टाकून द्या न.”

त्यानं चहा संपवला. खड्डा पाहिला, मग मला पाहिलं.

“काका, इकडून कोणता मंत्री जाते का?”

“मंत्री नाही, पण मी रोज जातो.”

“मंग हळू जात जा न बाप्पा.”

सगळ्यात वाईट म्हणजे, सल्ला बरोबर होता.

अधिवेशनाच्या दुसऱ्याच दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. दवाखाना धंतोलीत, म्हणजे यशवंत स्टेडियमच्या शेजारी, म्हणजे जिथून मोर्चे निघतात तिथेच. एरवी पंधरा मिनिटांचा रस्ता. जाताना तास लागला. येताना आईच्या डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे तिला सगळं धुरकट, आणि आमचा ऑटो मोर्च्याच्या मागे बैलगाडीसारखा.

“कोणाचा आहे रे?” आईनं विचारलं.

“अंगणवाडीसेविकांचा.”

“कशासाठी?”

“मानधनासाठी.”

“मग बरोबर आहे त्यांचं.” आई निवृत्त शिक्षिका. मी घड्याळ दाखवत होतो, आणि ती, जिला घड्याळ दिसत नव्हतं, घोषणा कानानं तपासत होती. “आवाज बसलाय यांचा. आम्ही यायचो तेव्हा घशात खडीसाखर ठेवायचो.”

ऑटोवाला मागे वळून म्हणाला, “काकू, तुमी उतरून चालत गेल्या तर मोर्च्यासंगं लवकर पोचान.”

आई उतरायला लागली. मी तिचा पदर धरला.

पुढे झिरो माईलजवळ गोवारी स्मारक लागतं. १९९४ च्या मोर्च्यात चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. तिथून जाताना आई काही बोलली नाही. मीही घड्याळ खिशात टाकलं.

घरी पोचलो तर फोन. मंत्रालयातला एक लांबचा भाचा अधिवेशनाच्या ड्युटीवर आलेला. “मामा, सावजी कुठलं चांगलं? आणि जाताना संत्रा बर्फी चार किलो हवी, सगळ्या सेक्शनला.” तेवढ्यात म्हणाला, “तुमच्या इथले रस्ते काय मस्त आहेत हो!”

अधिवेशन संपलं. दुसऱ्या दिवशी कठड्यांच्या बल्ल्या उपटून नेल्या. त्या रोवायला नव्या डांबरात पाडलेली भोकं मात्र इथेच ठेवली, दर आठ-दहा पावलांवर एक, थेट कोपऱ्यापर्यंत. आता पाहुण्यांना घराची खूण काय सांगायची, हा घरात वाद चालू आहे.