‘येशू मरायलाच आला होता’ : निपाणीच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, सलाम.

तुमची प्रतिक्रिया लांब आहे, रागाची आहे, पण लेख नीट वाचून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागेल. येशूच्या सेवाकार्याचा हेतू देवाच्या राज्याची घोषणा करणं हा होता आणि त्या राज्याच्या रीतीनं जगायला शिकतो तो शिष्य, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं की वधस्तंभ मी दोन ओळींत उरकला. येशू मुळात आपल्या पापांसाठी मरायला आला होता, शिकवण आणि चमत्कार ही फक्त तयारी. शिष्यत्वाचा एवढा गाजावाजा म्हणजे कर्मांनी तारण मिळवण्याची शिकवण. ‘आम्ही तीन पिढ्यांचे विश्वासणारे आहोत, शिष्य होणं हे पाळकांचं नि मिशनऱ्यांचं काम,’ असंही त्यांनी लिहिलंय. आणि शेवटी टोला: मत्तय 28:19 (सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या, ही येशूची आज्ञा) लेखात कुठंच नाही, ‘हल्लीच्या वातावरणाला घाबरलात काय?’

तुमचा पहिला मुद्दा कुठून येतो ते मला कळतं, कारण दर रविवारी मीही तोच मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणते. कुमारी मरीयेपासून जन्मला, पंतय पिलाताच्या वेळी दुःख सोसलं. दोन्हींच्या मध्ये फक्त एक स्वल्पविराम. त्यात गालील नाही, डोंगरावरचं प्रवचन नाही, कुष्ठरोग्याला लावलेला हात नाही, जकातदार जक्कयाच्या घरचं जेवण नाही. लहानपणापासून हेच पाठ झालेल्या माणसाला मधली वर्षं दुय्यम वाटली तर नवल नाही. पण शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, लिहिणाऱ्यांना ती तशी वाटली नाहीत. त्यांनी त्या स्वल्पविरामाच्या जागी पानंच्या पानं लिहिली. आणि नुसतं मरणंच हवं होतं, तर ते हेरोदाच्या शिपायांनी बेथलेहेमातच उरकलं असतं. मग योसेफाला स्वप्नात येऊन ‘मिसरात पळ’ असं कशाला सांगायचं?

तो स्वतः काय म्हणतो ते बघा. कफर्णहूमचे लोक त्याला अडवून ठेवायला बघतात तेव्हा तो सांगतो की इतर गावांनाही मला देवाच्या राज्याची सुवार्ता सांगितली पाहिजे, मला त्यासाठीच पाठवलंय (लूक 4:43). त्याच्या आधी नासरेथच्या सभास्थानात त्यानं यशयाची गुंडाळी उघडून दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी हे वाचलं आणि खाली बसून ‘आज हे पूर्ण झालं’ असं म्हणाला. गावकऱ्यांनी लगेच त्याला कड्यावरून लोटायला नेलं. वधस्तंभाची सावली तिथं पहिल्याच प्रवचनावर आहे. मार्कात तर तिसऱ्या अध्यायातच, शब्बाथाच्या दिवशी वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला म्हणून, परूशी (धर्मशास्त्र काटेकोर पाळणारे) आणि हेरोदी (हेरोद राजाच्या बाजूचे) एकत्र बसून त्याला मारायचा बेत करतात. एरवी या दोघांचं पटायचं नाही. म्हणजे तो जसा जगला त्यामुळेच त्याला मारलं. जगणं बाजूला काढून मरण तेवढं घेऊ म्हटलं, तर रोमी सुभेदार पिलातानं त्याला का मारलं हेच सांगता येत नाही.

आता तुम्ही ठळक अक्षरात दिलेलं वचन, मार्क 10:45. मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नाही, तर सेवा करायला आणि पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. होय की, मीही ते मानते. त्याचं मरण म्हणजे एका भल्या माणसाचा नाहक गेलेला बळी, असं मी कुठं लिहिलेलं नाही. पण काका, तुम्ही हे वचन मध्येच उचललंत. ते कशावरून निघालं? खुर्चीवरून. याकोब आणि योहान हे शिष्य येऊन म्हणतात, तू गौरवात बसशील तेव्हा आम्हाला एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसव. बाकीचे दहा चिडतात, आणि ते काही नम्रतेपोटी चिडले असं मला वाटत नाही. तेव्हा येशू त्यांना बोलावून सांगतो की परराष्ट्रीयांचे अधिकारी सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं, मोठं व्हायचं त्यानं सेवक व्हावं. आणि त्याला कारण म्हणून हे खंडणीचं वाक्य येतं. तारणाचं तुमचं सगळ्यात लाडकं वचन शिष्यांच्या भांडणाचा निकाल देताना बोललं गेलंय.

हे एकदाच घडलं असतं तर योगायोग म्हटला असता. मार्कात येशू आपलं मरण तीनदा सांगतो. आठव्या अध्यायात सांगतो, पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. नवव्यात सांगतो, शिष्य वाटेत ‘आपल्यात मोठा कोण’ यावर वाद घालतात. दहाव्यात सांगतो, लगेच या दोघांचा अर्ज. आणि तिन्ही वेळा येशूचं उत्तर शिष्यत्वाबद्दलच आहे. मरण आणि मागे येणं या दोन गोष्टी मार्कानं अशा विणल्यात की एक धागा ओढला तर दुसरा हातात येतो. (आमच्या मंडळीत मराठी उपासनेला सकाळची वेळ की कानडी उपासनेला, यावर जी बैठक झाली होती ती मला हा भाग वाचताना हमखास आठवते. दोन्हीकडची माणसं प्रार्थना करूनच आली होती.)

‘शिष्यत्व पाळकांसाठी’ याला तर मार्क 8:34 पुरेसं आहे. आत्मत्याग करावा, आपला वधस्तंभ उचलावा, मागे यावं, हे बारा जणांना खोलीत घेऊन सांगितलेलं नाही. शिष्यांसह लोकांनाही जवळ बोलावून सांगितलंय. बरं, मागे येणं म्हणजे घरदार सोडणंच असंही नाही. गरसेकरांच्या प्रांतातला भूतग्रस्त बरा झाल्यावर सोबत येतो म्हणून विनवतो, तर येशू त्याला घरी, आपल्या माणसांत पाठवतो. हेरोदाच्या कारभाऱ्याची, खुजाची, बायको योहान्ना आणि सुसान्ना आपल्या पैशानं त्या सगळ्यांचा खर्च चालवतात. जक्कयाला तर ‘यरीहो सोड’ असंही कुणी म्हटलं नाही. तोच उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत देतो म्हणतो. तुम्ही निपाणीचे, तंबाखूच्या वखारीत वजन कसं होतं ते मी तुम्हाला काय सांगू! आमच्या उसाच्या पट्ट्यात ‘काटा मारणे’ (वजनात फसवणं) हा शब्द पोरांनासुद्धा माहीत आहे. काट्यावर बसलेला ख्रिस्ती माणूस शिष्य आहे की नाही हे रविवारी कळत नाही, गाडी काट्यावर चढली की कळतं. यात पाळकाचा काय संबंध?

बेळगावात लंडन मिशनचं काम 1820 मध्ये सुरू झालं, 1904 मध्ये ते मेथडिस्टांकडे गेलं. आपल्यातल्या पुष्कळांचं ख्रिस्तीपण त्यामुळे जमिनीच्या उताऱ्यासारखं आजोबा-पणजोबांच्या नावावरून आपल्या नावावर चढलंय. त्याबद्दल मला कृतज्ञता आहे. पण ‘माझ्यामागे ये’ ही हाक वारसाहक्कानं चढत नाही.

मग हे कर्मानं तारण झालं का? तुम्ही इफिस 2:8-9 दिलंय, कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. तिथंच का थांबलात? दहाव्या वचनात पौल म्हणतो की सत्कृत्यांसाठीच आपल्याला ख्रिस्तात निर्माण केलंय. क्रम बघा. लेवी जकातनाक्यावर बसलेला असताना त्याला हाक आली, हिशेब चुकते केल्यावर नाही. पेत्राला ‘सैताना, माझ्यामागे हो’ ऐकावं लागलं, तरी त्याला काढून टाकलं नाही. त्यानं तीनदा नाकारल्यावरही रिकाम्या कबरेपाशी निरोप काय होता? ‘त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा.’ कृपा याहून वेगळी काय असते? हाक हीच कृपा आहे. ती फुकट मिळाली म्हणून जागचं उठायचं नाही, एवढंच मला पटत नाही.

वधस्तंभ उचलण्याबद्दल अजून एक, कारण आपण तो शब्द फार स्वस्त केलाय. गुडघेदुखीपासून जावयापर्यंत सगळ्याला आपण ‘माझा वधस्तंभ’ म्हणतो. त्या काळी रोमी शिक्षा झालेला माणूस ते लाकूड घेऊन भर रस्त्यानं चालायचा आणि त्याचेच लोक बघायचे. दुखण्याइतकीच ती बेअब्रू होती, आपल्याच माणसांसमोर. सीमाभागात हे समजायला अवघड नाही. सीमाप्रश्नावर माझं मत ठाम आहे, 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांपुढे माझं डोकं झुकतं, आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याची मीही वाट बघते. पण 2022 च्या डिसेंबरात बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले आणि तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं, त्या आठवड्यात मला लूक 9 सोडवेना. शोमरोनी (यहुद्यांशी वैर असलेल्या शेजाऱ्यांच्या) गावानं जागा दिली नाही म्हणून याकोब-योहान (पुन्हा तेच दोघे!) आकाशातून अग्नी मागतात. येशू वळून त्यांनाच धमकावतो आणि दुसऱ्या गावाला जातो. त्या बारा जणांत रोमी राजवटीच्या सोयीनं जकात गोळा करणारा मत्तय होता आणि राष्ट्राभिमानी म्हणवला जाणारा शिमोनही होता. दोघांना त्यानं एका पंगतीत बसवलं. इथं शेजारच्या कानडी घरावर दगड मारू नका म्हणणाऱ्याला आपलेच लोक गद्दार म्हणतात. आपल्या भागात वधस्तंभ बहुधा असाच उचलावा लागतो. तुम्ही याला राजकारण म्हणाल. मला तो मार्क 8:34 चा साधा अर्थ वाटतो.

आता मत्तय 28:19. नाही, घाबरून वगळलं नाही. 2021 च्या डिसेंबरात इथंच, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात, धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेनं मंजूर केलं तेव्हापासून आपल्यातले बरेच जण हे वचन हळू आवाजात वाचतात, हे खरं आहे. पण ते वाचायचं तर विसाव्या वचनासकट वाचा. जे काही मी तुम्हाला आज्ञापिलं ते सर्व पाळायला त्यांना शिकवा. ते ‘सर्व’ मत्तयात पाच ते सात अध्यायांत सापडतं: शत्रूवर प्रीती, दुसरा गाल, धनाची चाकरी नको. जो स्वतः हे पाळत नाही तो दुसऱ्याला शिकवणार काय? आणि तेविसाव्या अध्यायातलं 15 वं वचन आपल्या सभांत कुणी वाचत नाही. एक मतानुसारी (आपल्या धर्मात आलेला माणूस) मिळवायला तुम्ही समुद्र नि भूमी पालथी घालता आणि तो मिळाला की त्याला आपल्याहून दुप्पट नरकपुत्र करता, असं येशू शास्त्री-परूशांना सुनावतो. डोकी मोजण्याबद्दलचं त्याचं मत एवढं स्पष्ट आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे शिष्य असावेत, ही त्यांची कल्पना होती. ती तुम्हाला पटणार नाही, मलाही बाप्तिस्म्याच्या बाबतीत ती पूर्ण पटत नाही. पण शिष्यत्व हे मिशनच्या रजिस्टरापेक्षा मोठं आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

उलट उत्तर लिहाल याची खात्री आहे, जरूर लिहा. फक्त त्याआधी मार्क 10:35 पासून 52 पर्यंत सलग वाचा. खुर्ची मागायला आलेल्या दोघांना येशू विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं म्हणून तुमची इच्छा आहे? पुढं यरीहोच्या वाटेवर आंधळ्या बर्तिमयालाही तो जवळपास त्याच शब्दांत तेच विचारतो. बर्तिमय दृष्टी मागतो, आणि मिळाल्यावर वाटेनं त्याच्यामागे चालू लागतो. ती वाट यरुशलेमेकडे, म्हणजे वधस्तंभाकडेच जाते. मार्कानं हे दोन प्रश्न इतके जवळ का ठेवले असतील, याचं तुमचं उत्तर मला हवंय.